वाडीची अंडी आणि थर्मासमधला बर्फ

मी आजही अंडं विकत घेतलं की आधी उजेडाला धरून पाहतो. घरचे हसतात, दुकानदार चिडतो. पण ज्या माणसानं वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून अंड्यांच्या पोटात डोकावण्यात घालवली, त्यानं कवचावर विश्वास ठेवावा तरी कसा? बंद वस्तू दिसली की मला आधी शंका येते. मग ते अंडं असो की साहेबाच्या टेबलावरची फाइल.

नोकरी नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होती. कोंबड्यांना राणीखेत नावाचा रोग होतो. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं. त्याची लस आम्ही बनवायचो. लस म्हणजे त्याच रोगाचा व्हायरस, दमवून दमवून मवाळ केलेला. तो वाढवायला जिवंत अंडं लागतं, म्हणजे ज्याच्या आत नऊ-दहा दिवसांचं पिल्लू धरलेलं आहे असं. ते ओळखणं माझं काम. वनस्पती तुपाच्या डब्याला भोक पाडून आत बल्ब बसवलेला असायचा. भोकावर अंडं ठेवलं की लाल शिरांचं जाळं दिसायचं आणि मधे डोळ्याचा काळा ठिपका. मी इतका तरबेज झालो होतो की हे पिल्लू पुढे अंडी देईल की आरवेल, हेही तिथेच सांगून टाकायचो. कधी चुकलो नाही. कारण त्यातलं एकही पिल्लू पुढे जात नसे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मॅडम आल्या. परदेशात शिकून आलेल्या, वय तिशीच्या आसपास. बोलणं इतकं शुद्ध, की मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, बाई पुण्याच्या. त्यांना खोली मिळाली ती आधीची पोत्यांची कोठी. कोठी लस विभागाच्या साहेबांची होती आणि ती हातची गेल्याचं दुःख साहेब रोज चहाबरोबर प्यायचे. मॅडमच्या मदतीला त्यांनी मला दिलं. "तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा त्यांना," म्हणाले. साहेबांनी माझं कौतुक केलं, एवढ्यावरूनच मी सावध झालो.

मॅडमनी मला स्टुलावर बसवून काम समजावलं. तोवर मला कुणी बसवून काही समजावलं नव्हतं, तेव्हा तिथेही थोडा संशय आलाच.

"भाऊ, अँटिबॉडी माहीत आहे ना?"

"रोगाशी लढते ती. रक्तात असते."

"रक्तात असते, पेशीच्या बाहेर. तिला पेशीच्या आत जाता येत नाही. व्हायरसला मात्र येतं. त्याच्या अंगावरचं कातडं पेशीच्या कातड्याला चिकटतं, दोन्ही एक होतात आणि त्याचा माल आत उतरतो. तर आपण हा लशीतलाच व्हायरस घ्यायचा, फोडायचा, आतला माल काढून टाकायचा, रिकाम्या कातड्यात आपली अँटिबॉडी भरायची आणि द्यायचा सोडून. पेशीला वाटेल, व्हायरसच आला."

"म्हणजे चोराचे कपडे घालून हवालदार घरात पाठवायचा."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच."

"अन् कपड्यात चोरच राहून गेला असला तर?"

हसू थांबलं. त्यांनी वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी माझी तक्रार लिहिली. डोळा तिरपा करून वाचलं, तर माझाच प्रश्न लिहिला होता, आकडा टाकून.

जुलैत दिल्लीहून समिती येणार होती. तोवर एका तरी पेशीच्या आत अँटिबॉडी पोचलेली दाखवली नाही, तर काम बंद, खोली साहेबांना परत आणि मॅडम कुठल्या तरी तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात. हे मॅडमनी मला सांगितलं नाही. साहेबांनीच सांगितलं, पाठीवर हात ठेवून.

पहिली अडचण अंड्यांचीच. सरकारी फार्मची अंडी लशीसाठी राखीव आहेत, असं साहेबांनी लेखी कळवलं. फार्मवर त्या महिन्यात इतकी अंडी होती की ऑफिसच्या पंगतीत माणशी तीन-तीन आम्लेटं वाढली, पण मॅडमसाठी एक नाही. मी म्हटलं, मॅडम, अंडी मी आणतो.

अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एक मावशी राहायची. भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे तीस-पस्तीस गावरान कोंबड्या. ट्रकमधून सांडलेल्या धान्यावर त्या अशा पोसल्या होत्या की चालताना जमीन दबायची. आणि त्यांचा तो कोंबडा! ट्रकवाल्यांनी त्याच्यापुढे हॉर्न वाजवणं सोडून दिलं होतं. एकदा त्यानं दहाचाकी ट्रक मागे घ्यायला लावला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. असा कोंबडा असल्यावर अंडं भाकड कसं निघेल?

"कोंबड्यांना कुठलीही लस दिलेली नाही ना?" मॅडमनी विचारलं होतं.

"मॅडम, त्या कोंबड्यांनी अजून डॉक्टरही पाहिलेला नाही."

खरं होतं. त्या दिवशी अगदी खरं होतं.

थंडीभर काम छान चाललं. अंड्याला वरून बारीक भोक, सुईनं थेंबभर व्हायरस आत, भोकावर मेणबत्तीचं मेण. तीन-चार दिवसांनी अंडं गार करून आतलं पाणी काढायचं. त्यात व्हायरस वाढला की नाही हे बघायला ते छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत घ्यायचं आणि वर कोंबडीच्या रक्तपेशी टाकायच्या. व्हायरस असला की पेशी एकमेकींना धरून खळग्याच्या तळावर चादर पसरतात. नसला की सगळ्या खाली घरंगळून लाल टिकली होते. आमच्या खळग्यांत चादरीच चादरी. मॅडम व्हायरस रिकामे करायला शिकल्या होत्या, भरायचं तेवढं जमत नव्हतं. अजून थोडे दिवस, म्हणायच्या.

होळी झाली आणि वाडीत रोग आला.

मी अंडी आणायला गेलो, तर मावशी दारातच उभी. तीन कोंबड्या टोपलीखाली झाकून ठेवलेल्या. शेजारच्या खुराड्यांत काहीच उरलं नव्हतं. लोक म्हणत होते, मरीमायला कोंबडं द्या, म्हणजे थांबेल.

"तुमी दिलं का मावशी?"

"आमी दीक्षा घेतली थ्या दिवशी हे सारं सोडलं ना गा. माया बापानं देव नदीत टाकले, अन् मी आता कोंबड्यासाठी मरीमायपुढे जाऊ?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू रोग मीच पिशवीतून आणला होता. "तुमी तिकडे ऑफिसात काय करून राहिले बापा इतके वर्षं? माया अंड्यात सुया खुपसता, अन् माया कोंबड्याईले द्याले एक थेंब नाई?"

लशीची कुपी एकदा फोडली की संध्याकाळी फेकावी लागते, तसा नियमच होता. रोज अर्ध्या-अर्ध्या कुप्या फेकल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी एक फेकली गेली नाही. ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये बसून वाडीला गेली. आजारी तिघी वाचल्या नाहीत, पण बाकीच्यांना मावशीनं धरलं आणि मी प्रत्येकीच्या डोळ्यात एकेक थेंब टाकला. कोंबड्याच्या डोळ्यात थेंब टाकताना मला जी जखम झाली, तिची खूण अजून मनगटावर आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा थर्मास, पुन्हा थेंब. मावशीची एकही कोंबडी त्यानंतर मेली नाही. साऱ्या वाडीत आरवणारा तेवढा तो एकच उरला.

आणि एप्रिलमध्ये आमच्या खळग्यांत टिकल्या दिसायला लागल्या.

आधी चार-दोन अंड्यांत. मग अर्ध्यांत. मग सगळ्यांत. व्हायरस वाढेचना. व्हायरसच नाही तर रिकामा काय करणार आणि भरणार काय? मॅडमनी सुया बदलल्या, मेण बदललं, अंडी उबवायच्या पेटीचं तापमान तासातासानं लिहिलं. बाहेर नागपूरचा उन्हाळा असा पेटला होता की डांबरावर चप्पल ठेवली तर चप्पल तिथेच आणि माणूस पुढे. मॅडमना वाटलं, येण्याच्या वाटेवरच अंडी शिजतात. मी ओल्या पोत्यात गुंडाळून आणायला लागलो. तरी टिकल्याच.

मी मात्र पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. हे तापमान-बिपमान काही नाही. हा माणसाचा हात आहे.

संशय अर्थातच साहेबांवर. खोली कुणाला हवी होती? अंडी कुणी नाकारली? शिवाय मॅडम जेवायला गेल्या की साहेब आमच्या बाजूला फेरी मारतात, हे मी दोनदा पाहिलं होतं. मी फ्रिजच्या दाराला डिंकानं एक केस चिकटवला. केस माझाच, त्या काळी होते. जेवणाच्या सुट्टीनंतर बघतो तर केस तुटलेला! दुसऱ्या दिवशीही तुटलेला. तिसऱ्या दिवशी मी पेटीमागे दबा धरून बसलो. दुपारी सव्वा वाजता दार हळूच उघडलं. साहेब आत आले. इकडे-तिकडे पाहिलं. फ्रिज उघडला, हात आत घातला.

"साहेब!"

साहेब असे दचकले की हातातला डबा सुटला. फरशीवर पिवळाधमक पूर.

आमरस होता. व्हायरसच्या फ्रिजमध्ये, अँटिबॉडीच्या बाटल्यांना टेकून, महिनाभर साहेबांचा आमरस थंड होत होता. त्यांच्या खोलीतला फ्रिज बिघडला होता म्हणे.

पकडलेला माणूस लगेच दुसऱ्याला पकडायला बघतो. फरशी पुसत असताना साहेब माझ्या डोक्यावर उभे राहिले.

"तुम्ही तो थर्मास घेऊन जाता-येता. काय असतं त्यात?"

"बर्फ, साहेब. उन्हाळा आहे."

"उघडा."

उघडला. त्या दिवशी खरंच बर्फच होता. मी एक खडा तोंडात टाकला, एक साहेबांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. पण जाताना म्हणाले, "फोडलेल्या कुप्यांची नोंद मी आजपासून स्वतः बघणार." माझ्या तोंडातला खडा विरघळेपर्यंत मला घाम फुटला. मे महिन्यात, बर्फ खाताना.

खरं सांगायचं, तर एक विचार त्याआधीही डोकावला होता. मावशीच्या कोंबड्या. तारखा जुळत होत्या. पण मी तो विचार खुराड्यात शिरणाऱ्या मांजरासारखा हाकलून दिला. म्हटलं, थेंब टाकला डोळ्यात, अंडं येतं पार दुसऱ्या टोकानं. मधे अख्खी कोंबडी आहे. वीस वर्षं लशीच्या खात्यात काढलेल्या माणसानं ही समजूत करून घेतली! सारं जग संशयानं तपासत होतो, फक्त त्या एका थर्मासकडे पाहायला मला सवड मिळत नव्हती.

सोमवारी मॅडम सुट्टीहून आल्या त्या हातात सहा अंडी घेऊन. रामटेकच्या बाजूच्या कुठल्याशा खेड्यातली, म्हणाल्या. ती पेटीत ठेवली, दहाव्या दिवशी मी उजेडाला धरली. सहापैकी पाच जिवंत. वाडीची पाच शेजारी. दोन्हीकडे तोच व्हायरस, तीच सुई, तेच मेण. चार दिवसांनी खळग्यांत पाहिलं. वाडीच्या रांगेत पाच टिकल्या. रामटेकच्या रांगेत पाच चादरी.

वाडीचं एक ताजं अंडं फोडून मॅडमनी बलक काढला, पातळ केला, त्यात आमचा चांगला जोमदार व्हायरस मिसळला आणि रक्तपेशी टाकल्या. चादर पसरायला हवी होती. आम्ही दोघं त्या खळग्याकडे बघत बसलो. पेशी घरंगळत घरंगळत तळाशी गेल्या आणि टिकली झाली.

"बलकात अँटिबॉडी आहे," मॅडम म्हणाल्या. "याच व्हायरसविरुद्धची. कोंबडी आपल्या रक्तातली अँटिबॉडी बलकात ठेवते, पिल्लाला पुढे कामी यावी म्हणून. आपला व्हायरस आत गेला की ती त्याला तिथेच धरते." मग माझ्याकडे वळल्या. "या कोंबड्यांना लस मिळाली आहे, भाऊ."

"रोग येऊन गेला असेल, मॅडम. वाडीत आला होता ना. बरं होऊनही अँटिबॉडी येते."

"रोग आला होता? तुम्ही मला सांगितलं नाहीत."

पाय घसरला होता. आता सावरायचं म्हणून मी जोरात धावलो. मी म्हटलं, मॅडम, त्याचं असं आहे, त्या कोंबड्या ट्रकमधलं धान्य खातात, ट्रक येतात कुठून कुठून, मद्रासकडच्या एखाद्या ट्रकमधून लशीचा खोका फुटून दाण्यात मिसळला असेल, आणि तो कोंबडा तर काहीही खातो, एकदा त्यानं टायरची नळी खाल्ली होती... मॅडम ऐकत होत्या. मी दमेपर्यंत त्यांनी बोलू दिलं. मग टेबलावर हात आपटला.

"काहून फेकून राहिले भाऊ? मले सारं समजते! माया घरीबी कोंबड्याच हायेत!"

मी स्टुलावरून पडायचाच राहिलो. ती पुण्याची बाई रामटेकच्या बाजूच्या धानवाल्यांची पोरगी निघाली. सहा महिने मी तिच्या शुद्ध बोलण्यापुढे दबून वागलो होतो. आता दबण्याजोगं काही उरलं नाही आणि लपवण्याजोगंही. सांगितलं सगळं. कुपी, थर्मास, मरीमाय, मावशीचं बोलणं, मनगटावरची जखम. तो विचार हाकलून दिला होता, हेही सांगितलं.

समिती यायला महिना-सव्वा महिना उरला होता. साहेबांच्या टेबलापर्यंत चार पावलं होती. ती मॅडमनी टाकली असती, तर माझी नोकरी गेली असती आणि काम का थांबलं याचं उत्तर समितीला सरळ मिळालं असतं.

"मी सहा महिने अँटिबॉडी पेशीत घालायला बघून राहिली," मॅडम म्हणाल्या, "अन् तुमच्या मावशीची कोंबडी ती अंड्यात भरून मले रोज पाठवून राहिली." मग एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की साहेब दारात येऊन डोकावून गेले. मला ते हसू काही झेपलं नाही. माणूस शिव्या देतो तेव्हा तो कुठे आहे ते कळतं. हसतो तेव्हा कळत नाही.

त्या रविवारी मी रामटेकच्या बसच्या टपावर दोन टोपल्या ठेवून नागपूरला आलो. चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा, मॅडमच्या आईनं स्वतःच्या हातानं निवडून दिलेला. त्या माझ्या घरामागे राहिल्या. बायको महिनाभर माझ्याशी फक्त त्यांच्याविषयी बोलली. त्यांना लस द्यायची नाही आणि रोगही होऊ द्यायचा नाही, म्हणून मी वाडीची वाट पूर्ण सोडली, रस्त्यात कुणाच्या हातात कोंबडी दिसली तर चार गल्ल्यांचा वळसा घालायचो. घरी शिरण्यापूर्वी पाय फिनाइलमध्ये. पाहुण्यांचेही. आमच्याकडे पाहुणे यायचे थांबले, हा त्यातला फायदा.

चादरी परत पसरल्या, आणि मॅडम रिकामी कातडी भरायच्या खटपटीला परत लागल्या. समितीला आठ दिवस उरले असताना मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. अँटिबॉडीला त्यांनी एक रंग लावला होता, विशिष्ट उजेडात हिरवा चमकणारा. नळीला डोळा लावला, तर काळ्या अंधारात हिरव्या पेशी. नुसती कड नव्हे, आतपर्यंत हिरव्या.

"मॅडम," मी म्हटलं, "हा रंग वरून लागला नाही कशावरून?"

"ही बघा. हिच्यात व्हायरसचं कातडं नाही, नुसती अँटिबॉडी." दुसरी काच ठेवली. अंधार. "अन् हिच्यात रिकामं कातडं, अँटिबॉडी नाही." तीही अंधारी. पण त्यांनी माझा प्रश्न वहीत लिहून घेतलाच. समितीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी नेमका तोच प्रश्न विचारला, आणि मॅडमनी त्या दोन काचा इतक्या पटकन पुढे सरकवल्या की गृहस्थ विचारून होण्याआधीच बघू लागले. खोली राहिली. साहेबांनी समितीला आमरस दिला.

मॅडमच्या वहीतलं ते पान मी नंतर पाहिलं. पाहणारच. वाडीच्या कळपात लशीमुळे अँटिबॉडी आढळली म्हणून कळप बदलला, एवढंच लिहिलं होतं. कुणाचं नाव नव्हतं. का नव्हतं, याचा मी अजून विचार करतो.

समिती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघालो होतो. मॅडमनी हाक मारली. लस विभागातून तपासणीसाठी आणलेली एक फोडलेली कुपी त्यांच्या हातात होती, अर्धी भरलेली.

"भाऊ, ही फेकून द्या."

मी हात पुढे केला. त्यांनी कुपी लगेच दिली नाही.

"मावशीची नवी पिल्लं निघाली असतील ना आता?"

"असतील, मॅडम. मी तिकडे गेलो नाही इतक्यात."

"थर्मासमध्ये बर्फ आहे का?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षं अंड्याच्या आतलं ओळखणारा माणूस मी, पण त्या चेहऱ्याच्या पलीकडचं मला काही दिसलं नाही.

"आहे," मी म्हटलं, आणि झाकण उघडून पुढे धरलं.